‘तुम्ही कोण?’ असं लेकरानं विचारलं तेव्हा

सिंहगड रस्त्याला राहणाऱ्या एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून ते थोडक्यात देते.

मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. सर्दी-तापाचं निमित्त होऊन न्यूमोनिया झाला, दम लागला आणि एका रात्रीत गोष्ट व्हेंटिलेटरपर्यंत गेली. पाच दिवस घशात नळी होती. ती निघाली तेव्हा घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला, पण त्याच रात्रीपासून मुलगा ओळखीचा राहिला नाही. चादरीवर मुंग्या आहेत म्हणून किंचाळायचा, हाताची सुई ओढायचा, छताकडे बघून कुणाशी तरी भांडायचा. आई आत गेली तर तिच्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही कोण? माझ्या आईला बोलवा." दोन रात्री असं चाललं. कालपासून मात्र एकदम गप्प आहे. डोळे उघडे असतात, पण हाक मारली तरी वळून बघत नाही. सिस्टर म्हणाल्या, "आता शांत झालाय, चांगलं आहे." डॉक्टर राउंडच्या घाईत म्हणाले, "डेलिरियम आहे, जाईल हळूहळू." सासूबाईंना वाटतं बाहेरचं काही लागलंय, दीर कुणा जाणत्याकडून अंगारा आणायला निघालेत. नवऱ्याचं म्हणणं, पुन्हा आरडाओरडा झाला तर झोपेचं इंजेक्शनच द्यायला सांगू, निदान पोराला आराम पडेल. भेटायची वेळ सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं. आईला वाटतं, आपल्याला बघूनच तो बिथरतो, तर आत जावं की नाही? "त्याच्या मेंदूला कायमचं काही झालं का? व्हेंटिलेटरच्या कागदावर सही मी केली होती," असं त्या लिहितात. आणि पत्राच्या शेवटी: "त्याचा चष्मा पहिल्या दिवशी काढून माझ्या हातात दिला होता. तो पर्समध्येच आहे. पर्स उघडली की तोच दिसतो."

ताई,

तुमचं पत्र वाचल्यापासून तुमच्या मुलाचं वाक्य माझ्या कानात आहे. "माझ्या आईला बोलवा." तुम्ही त्याचा अर्थ लावलात की तो मला विसरला. मला तसं वाटत नाही. तो आईलाच मागत होता. समोर उभ्या असलेल्या बाईत त्याला ती सापडली नाही. एकदा त्याच्या कॉटवर आडवं पडून वर बघितल्यासारखं करा. पायापर्यंत गाऊन, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क. चेहऱ्यातले दिसणार ते फक्त डोळे, आणि तेही रडून सुजलेले. आवाज मास्कमधून दबलेला. घरी ज्या लाडाच्या नावानं हाक मारता त्या नावानं बहुधा तुम्ही मारली नसेल, घाबरलेलं माणूस तसं मारत नाही. त्यात त्याचा चष्मा तुमच्या पर्समध्ये. धडधाकट मूलसुद्धा अशा वेळी गोंधळलं असतं.

मी मुलांच्या अतिदक्षता विभागात सिस्टर म्हणून बरीच वर्षं काम केलंय. तुमचं पत्र मी त्या कॉटच्या दुसऱ्या बाजूनंही वाचू शकते, म्हणून जरा विस्तारानं लिहिते. तुमच्या मुलाला मी तपासलेलं नाही. निर्णय तिथल्या डॉक्टरांचाच. पण त्यांच्याशी काय बोलायचं, काय विचारायचं आणि आत जाऊन काय करायचं, ते नक्की सांगू शकते.

डॉक्टरांनी घाईत उच्चारलेला शब्द तुमच्या वर्णनाशी जुळतो. डेलिरियम म्हणजे वेड नव्हे. शरीर फार आजारी असताना मेंदूची घडी काही काळ विस्कटते. लक्ष एका जागी ठरत नाही, दिवस-रात्रीचा मेळ सुटतो, दिसतं ते आणि स्वप्नातलं यांच्यातली भिंत पडते. हे अचानक सुरू होतं आणि तासातासाला कमी-जास्त होतं. सकाळी बरं वाटलेलं मूल रात्री सैरभैर होतं. आपल्या आज्यांना हे चांगलं ठाऊक होतं. "तापात वात झालाय, बरळतोय" असं त्या म्हणायच्या. आयुर्वेदात सन्निपात ज्वराच्या वर्णनात ‘प्रलाप’ येतो तो हाच. आणि डेलिरियम हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा मूळ अर्थ नांगराचं तास सोडून भरकटणं असा आहे. बैलानं तास सोडलं तर शेतकरी त्याला वेडा ठरवत नाही. खाली दगड लागला का, खांद्याला जू काचतंय का, ते बघतो. तुमच्या मुलाच्या बाबतीतही तेच बघायचं आहे.

आणि हे तुमच्याच नशिबी आलंय असं समजू नका. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत अतिदक्षता विभागातल्या दर चार मुलांमागे साधारण एका मुलाला डेलिरियम असल्याचं आढळलं होतं. व्हेंटिलेटरवर राहिलेली मुलं, दोन वर्षांखालची बाळं आणि ज्यांची वाढ आधीपासून थोडी मागे आहे अशी मुलं, यांना धोका जास्त. तरीही आपल्याकडे आईवडिलांना याची आधी कल्पना दिली जात नाही, म्हणून मग मूल "तुम्ही कोण?" म्हणालं की पायाखालची जमीन सरकते.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. ती मुंग्यांची नाही, किंचाळण्याचीही नाही. कालपासून तो गप्प आहे आणि सगळ्यांना बरं वाटलंय, ही.

मराठीत आपण दोन वेगळे शब्द वापरतो, शुद्ध आणि भान. माणूस शुद्धीवर असून भानावर नसू शकतो. डेलिरियमचं एक रूप खवळलेलं असतं, ते सगळ्या वॉर्डला कळतं. दुसरं ग्लानीचं असतं: मूल पडून राहतं, शून्यात बघतं, खेळणं पुढे केलं तरी हात नेत नाही. तिसऱ्यात ही दोन्ही आलटून-पालटून येतात. मुलांमध्ये गप्प आणि मिश्र प्रकारच जास्त, आणि तेच जास्त निसटतात, कारण गप्प मूल कुणाला त्रास देत नाही. तुमच्या मुलाचा गोंधळ संपला असेलही, पण तो नुसता आत गेला असण्याची शक्यताही तेवढीच आहे. खरंच भानावर येणारं मूल नजर देतं, पाणी मागतं, हट्ट करतं, "घरी कधी जायचं?" म्हणून भंडावून सोडतं. नुसतं शांत होत नाही.

हे मी पुस्तकातून नाही शिकले. चार वर्षांची एक मुलगी होती, मोठ्या ऑपरेशननंतरची. तीन रात्री मी तिच्या चार्टवर लिहिलं, ‘शांत. झोपेत.’ तिचे वडील मार्केट यार्डात हमाली करायचे, पहाटेचं काम आटपून भेटायला यायचे. चौथ्या दिवशी ते दारातूनच म्हणाले, "सिस्टर, ही झोपलेली नाही. झोपली की हिचा अंगठा तोंडात असतो." आम्ही डॉक्टरांना बोलावलं, तपासण्या झाल्या, तर शरीरात नवीन संसर्ग सुरू झाला होता. मॉनिटरच्या सगळ्या आकड्यांवर माझं लक्ष होतं, अंगठ्यावर नव्हतं. तो माहीत असायला तिचा बाप लागला. त्यानंतर मी ‘शांत’ हा शब्द चार्टवर असा कधीच लिहिला नाही.

म्हणून उद्या कुणी "शांत झालाय" म्हणालं तर भांडू नका, पण मान डोलवून बाहेरही येऊ नका. म्हणा, "हा घरी असा नसतो. हाक मारली तर वळत नाही, नजर देत नाही, हे याचं नेहमीचं नाही. याचा डेलिरियमचा स्कोअर केलाय का? किती आलाय?" हा प्रश्न विचारलात की समोरचं माणूस थांबतंच. कारण असा स्कोअर खरोखर असतो. न्यूयॉर्कमध्ये कॉर्नेलच्या डॉक्टरांनी तयार केलेली आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेली आठ प्रश्नांची एक पद्धत आज अनेक ठिकाणी वापरतात. सिस्टरनं आपल्या ड्युटीत मुलाला बघून ती भरायची. मूल सांभाळणाऱ्याच्या नजरेला नजर देतं का, त्याच्या हालचालींना काही हेतू असतो का, आजूबाजूचं भान आहे का, हवं-नको सांगतं का, अस्वस्थ आहे का, समजूत काढूनही शांत होत नाही का, जागं असून हालचाल फार कमी आहे का, आणि बोलल्यावर प्रतिसाद द्यायला फार वेळ लागतो का. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. बेरीज नऊ किंवा जास्त आली की डेलिरियम धरून पुढचा शोध घ्यायचा. त्यासाठी रक्त काढावं लागत नाही, स्कॅन लागत नाही. डेलिरियम दाखवणारी रक्ताची तपासणीच नाही. तो मुलाला बघूनच ओळखायचा असतो. आणि वरचे प्रश्न पुन्हा वाचा. यातल्या किती प्रश्नांचं उत्तर आईइतकं नेमकं कुणाला देता येईल?

तान्ह्या बाळांच्या आईवडिलांनीही हे लक्षात ठेवावं. बाळ मुंग्या दिसतात असं सांगू शकत नाही. नेहमीच्या कुशीत घेऊनही ते थांबत नसेल, दुधाच्या वेळीही तोंडाकडे बघत नसेल, तर सांगा. मूल मुळात उशिरा बोलणारं किंवा विशेष गरजांचं असेल तर दाखल करतानाच एका कागदावर लिहून द्या: आमचं मूल आनंदात काय करतं, दुखलं तर काय करतं, हाकेला कसं उत्तर देतं. नाहीतर त्याचं बदललेलं वागणं ‘हे असंच असेल’ म्हणून सोडून दिलं जातं.

एक सावधगिरी मात्र हवी. प्रत्येक गप्पपणा डेलिरियमचाच असतो असं नाही. उठवूनही उठत नसेल, झटका आल्यासारखं वाटलं, एका बाजूचा हात-पाय कमी हलवत असेल, मान आखडली असेल, पुन्हा ताप चढत असेल, तर "डेलिरियम आहे म्हणाले होते" या भरवशावर भेटीच्या वेळेपर्यंत थांबू नका. त्याच मिनिटाला कुणाला तरी बोलवा.

डॉक्टरांना दुसरा प्रश्न विचारायचा तो "कशामुळे?" ताप हा जसा स्वतः रोग नसून खूण असते, तसंच इथे. ऑक्सिजन कमी पडतोय का, साखर-सोडियम बिघडलंय का, नवीन संसर्ग आहे का, कुठे दुखतंय आणि सांगता येत नाहीये का. लघवी तुंबणं, चार दिवस पोट साफ नसणं, यानंही मूल बेचैन होतं. साधी गोष्ट, म्हणून राहून जाते. आणि मग औषधं. पाच दिवस नळी होती म्हणजे त्या काळात त्याला झोपवून ठेवायला बहुतेक मिडाझोलामसारखं, दुखू नये म्हणून फेंटानिलसारखं काही चालू असणार. ती आवश्यकच होती, नळी घशात असताना जागं राहणं बहुतेक मुलांना सोसत नाही. पण मिडाझोलामच्या गटातल्या औषधांचा आणि डेलिरियमचा संबंध पुन्हा पुन्हा दिसून आलेला आहे. दुसरीकडे, बरेच दिवस चालू असलेली ही औषधं झपाट्यानं कमी केली तरी शरीर तक्रार करतं: हात थरथरतात, घाम फुटतो, जुलाब होतात, मूल चिडचिडं होतं. दोन्ही गोष्टी वरून सारख्या दिसतात आणि कधी एकत्रही असतात. त्या वेगळ्या करणं डॉक्टरांचं काम, पण "औषधं कोणती होती, कशी कमी केली?" हे विचारण्यात उद्धटपणा नाही. महाराष्ट्रात २०२१ पासून खासगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. आजाराची आणि उपचारांची माहिती मिळणं हा त्यातला हक्कच आहे.

यातूनच तुमच्या यजमानांच्या सूचनेचं उत्तर मिळतं. त्यांचं मन मला कळतं. लेक किंचाळत असताना काचेबाहेर उभं राहणाऱ्या बापाला ‘झोपवा त्याला’ याखेरीज दुसरं काय सुचणार? पण त्यांना माझ्या वतीनं सांगा की त्या इंजेक्शननं येते ती झोप नव्हे, गुंगी. मेंदूला ज्या झोपेनं आराम पडतो ती वेगळी. अनेकदा मग एक चक्र सुरू होतं: मूल गोंधळून ओरडतं, गुंगी दिली जाते, उतरताना ते आणखी गोंधळतं, पुन्हा गुंगी. सर्दीवर आणि खाजेवर देतात ती एव्हिल, फेनरगनसारखी औषधंही गोंधळात भर घालू शकतात. ‘एक चमचा दिला की छान झोपतो’ हा घरचा अनुभव इथे वापरायचा नाही. अतिदक्षतेच्या डॉक्टरांच्या अमेरिकेतल्या संघटनेनं २०२२ मध्ये मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शक्य तिथे मिडाझोलामच्या गटातली औषधं कमी वापरा, आणि डेलिरियमवरच्या मानसोपचारातल्या औषधांचा सरसकट वापर करू नका, असा त्यांचा रोख आहे. मूल स्वतःला इजा करून घेईल इतकं बेभान असेल तेव्हा डॉक्टर त्यांचा विचार करतात, तोही हृदयाचा आलेख बघून. तसं ठरलं तर विश्वास ठेवा. पण मागणी आपल्याकडून गुंगीची नको. आपली मागणी झोपेची असू द्या.

झोपेची मागणी कशी करायची? आयसीयूतले दिवे रात्रंदिवस जळत असतात. दर थोड्या वेळानं कुणी बीपी बघतं, कुणी रक्त घेतं, मॉनिटर वाजतो. पहाटे चार-साडेचारला स्पंजिंग करायची आमच्याकडे पद्धत होती. सकाळच्या पाळीला मुलं स्वच्छ दिसावीत म्हणून. त्या मुलांची नुकती लागलेली झोप आम्ही मोडायचो, हे आज आठवलं की वाईट वाटतं. तुम्ही विनंती करू शकता की रात्री त्याच्या कॉटवरचा दिवा मंद ठेवता येईल का, जी कामं एकत्र करता येतील ती एका वेळी होतील का, दिवसा पडदा उघडा राहील का. सगळं जमेलच असं नाही, शेजारच्या कॉटवर कुणाचा तरी जीव वाचवणं चालू असतं. पण विचारल्यावर निम्मं जमतं, हा माझा अनुभव. हात बांधून ठेवले असतील तर "मी हात धरून बसते, तेवढा वेळ सोडाल का?" असंही विचारा. बांधलेल्या हातांनी भीती वाढते. आणि डॉक्टर हो म्हणाले की त्याला कॉटवर टेकवून बसवणं, पाय खाली सोडणं, चार पावलं चालवणं जितक्या लवकर होईल तितकं चांगलं.

आता तुमचा खरा प्रश्न. आत जावं की नाही.

जावं. तुमच्यामुळे तो बिथरत नाही. बिथरलेल्या अवस्थेत तुम्ही त्याच्या वाट्याला आलात. तुम्ही जायचं थांबवलंत तर त्याच्याजवळ ओळखीचं काहीच उरणार नाही.

दहा मिनिटं कमी आहेत, मान्य. ती वाढवून मागा, पण मागताना ‘आईचा जीव राहत नाही’ असं म्हणू नका. त्या दाराशी प्रत्येकजण तेच म्हणत असतो. म्हणा, "डेलिरियममध्ये ओळखीचं माणूस जवळ असणं हा उपचाराचा भाग आहे ना? मी संध्याकाळी, तो जास्त गोंधळतो त्या वेळी, एक तास शांत बसेन. हात धुईन, गाऊन घालेन, कुठल्याही नळीला हात लावणार नाही." मुख्य सिस्टरांशी बोला, राउंडच्या गर्दीत नको, दुपारी. नाहीच म्हणाल्या तर दोन दिवसांनी पुन्हा विचारा. तोवर दहा मिनिटांत पाच पाहुणे आलटून-पालटून आत सोडू नका. आत्या, मामा, शेजारचे काका, सगळ्यांचं प्रेम खरं आहे, पण त्याला या घडीला दोनच चेहरे हवेत. तुमचा आणि बाबांचा.

आत गेल्यावर त्याच्या डोळ्यांच्या पातळीला या, वरून वाकू नका. सिस्टरांनी परवानगी दिली तर दोन पावलं मागं राहून मास्क क्षणभर खाली करून चेहरा दाखवा. घरच्या नावानं हाक मारा. मग छोट्या वाक्यांत सांगा: "मी आई. तू दवाखान्यात आहेस. तुला खूप ताप होता, आता कमी होतोय. आज मंगळवार आहे, सकाळ आहे. बाबा बाहेर बसलेत." रोज तेच. कंटाळा येईल इतक्या वेळा तेच. "ओळखलंस का मला? सांग बरं मी कोण?" अशी परीक्षा मात्र घेऊ नका. चुकलं की त्याला ते कळतं आणि भीती वाढते. मुंग्या दिसतात म्हणाला तर "वेड्या, कुठायत मुंग्या?" असं म्हणू नका, आणि खोट्या खोट्या मुंग्या मारूही नका. "तुला दिसतायत, भीती वाटतेय ना? मला नाही दिसत. मी आहे इथे," एवढं पुरे. चादरीवरून हात फिरवा. तुम्हाला रडू आलं तर येऊ द्या, पण मिनिटभर बाहेर जाऊन परत या.

त्याची रोजची गोधडी प्लास्टिकच्या पिशवीत, धुऊन, उन्हात वाळवून न्या. ठेवू देतात का विचारा. नसेल चालत तर त्याच्या बहिणीचा, आजोबांचा आवाज मोबाइलवर भरून न्या. पेशव्यांच्या बागेतल्या फुलराणीत बसला होता त्या दिवशीची गोष्ट आजोबांनी सांगितलेली, घरातल्या कुकरच्या शिट्टीसकट. एक फोटो कॉटच्या समोर चिकटवा, छताला डोळे लागलेल्या मुलाला बघायला काहीतरी आपलं हवं. यातली एकही गोष्ट औषधाच्या कपाटात मिळत नाही.

सासूबाईंबद्दल. त्यांच्याशी भांडू नका, त्यांचाही जीव टांगणीला लागलाय. त्यांना त्यांच्याच शब्दांत सांगा की हा तापातला वात आहे, तो उतरतो. त्यांना तो माहीत असेल. घरी बसून त्यांनी मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढली तर काढू द्या. पण अंगारा आत न्यायचा नाही, कपाळाला नाही आणि तोंडात तर मुळीच नाही. नुकती नळी निघालेल्या मुलाच्या घशात कणभर राखही छातीत जाऊ शकते. दिरांना हे प्रेमानं नव्हे, ठामपणे सांगायचं, आणि ते तुमच्या यजमानांनी सांगायचं. आजीला त्याऐवजी आवाज भरून द्यायचं काम द्या. रिकाम्या हातांना काम मिळालं की भीती निम्मी होते.

मेंदूला कायमचं काही झालं का? डेलिरियम बहुतेक मुलांमध्ये मूळ आजार आटोक्यात आला, औषधं उतरली, झोप परतली की काही दिवसांत ओसरतो. सरळ रेषेत नाही, आज बरं उद्या पुन्हा जरा वाईट, असं करत. सहीबद्दल मी एवढंच म्हणेन: त्या रात्री त्याला श्वास घेता येत नव्हता. तुम्ही सही केलीत म्हणून आज तो "आईला बोलवा" म्हणू शकला.

घरी आल्यावर मात्र ‘सुटलो एकदाचे’ म्हणून विषय पुरून टाकू नका. अशा आजारपणानंतर काही महिने मुलं चिकटून राहतात, रात्री दचकून उठतात, अंथरूण ओलं करतात, वर्गात लक्ष लागत नाही, पांढरा कोट दिसला की थिजतात. लंडनमध्ये अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्या मुलांशी बोलून केलेल्या एका अभ्यासात साधारण तिसरा हिस्सा मुलांना तिथल्या न घडलेल्या, भासातल्या गोष्टी आठवत होत्या. विचार करा, सात वर्षांच्या मुलाच्या आठवणीत मुंग्या आहेत, छतावरचा कुणीतरी आहे, आणि घरात त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. मग तो ते खरंच घडलं असं धरून चालतो. म्हणून आजपासून एक वही घाला. तारीख, त्या दिवशी काय झालं, कोण सिस्टर होत्या, तो काय म्हणाला, बाहेर पाऊस होता का. परदेशात अनेक आयसीयूंमध्ये अशी वही सिस्टरच लिहितात. आपल्याकडे आईनं लिहावी. त्यानं विचारलं की त्याच्यासोबत ती वाचा. "तुला मुंग्या दिसल्या होत्या, तापामुळे तसं झालं होतं, खऱ्या नव्हत्या. आणि तू मला बोलवत होतास, मी तिथेच होते." वर्गशिक्षिकेला कल्पना द्या, पहिले काही दिवस अर्धी शाळा पुरे. महिन्याभरानंतरही भीती, स्वप्नं, अबोला कमी होत नसेल तर मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या, लाजू नका.

आणि हो, चष्मा. तुमच्या पत्रात तो अश्रूंच्या जागी आलाय, पण मला तो औषधाच्या जागी दिसतो. अंधुक दिसणाऱ्या मुलाला सावल्यांच्या मुंग्या होतात आणि आईची परकी बाई होते. ऐकू येण्याचं यंत्र लावणाऱ्या मुलांचंही तसंच. तेही काढून पिशवीत पडलेलं असतं. उद्या सकाळच्या भेटीला जाताना तो पर्समधून काढा, साबणाच्या पाण्यानं धुऊन मऊ फडक्यानं पुसा, सिस्टरांना विचारा, आणि त्याच्या डोळ्यांवर तुमच्या हातानं चढवा. मग थोडं मागं सरकून उभ्या राहा, त्याला बघू द्या.